सव्वातीन व्होल्टचं रुखवत

"ती सव्वातीनची आहे आणि तो पाचचा," ताई म्हणाली. "सरळ जोडलं तर ती जळणार."

"लगेच?" मी विचारलं.

"लगेच जळेल, नाहीतर रोज थोडी थोडी जळत राहील. दुसरं जास्त वाईट. बाहेरून कळत नाही."

दारात धाडकन काहीतरी पडलं. विमलमावशीच्या हातातलं लाडवांचं ताट होतं. लाडू चारी दिशांना पांगले. मावशी त्यांच्याकडे न बघता मागे फिरली आणि "आक्के! अगं आक्के!" करत स्वयंपाकघराकडे पळाली. मावशीला पळताना मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं. तेव्हा मागे कुत्रं होतं.

"हिला काय झालं?" ताई म्हणाली.

मी एक लाडू उचलून खाल्ला. दुसऱ्या दिवशी ताईचं लग्न होतं आणि घरातलं कुणीही कशानेही पळू शकत होतं.

ताईचं नाव राजलक्ष्मी, पण आमच्या विट्याच्या घरात ती राजूताई. सांगलीत दूध मोजायची यंत्रं बनवणारी एक कंपनी होती, तिथे ती सर्किटं बनवायची. त्या दुपारी मात्र ती काहीच बनवू शकत नव्हती, कारण कोपरापर्यंत मेंदी होती. दोन्ही हात वर धरून ती अशी बसली होती, जणू घरात दरोडा पडलाय आणि दरोडेखोर चहा प्यायला गेलेत. म्हणून सोल्डरिंग गन माझ्या हातात होती. मी तेव्हा बी.ए.ला होतो, राज्यशास्त्र घेऊन. विजेशी माझा संबंध बटणापर्यंतच.

समोर थर्माकोलचा बंगला होता. रुखवतातला. आमच्याकडे नवरीनं स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू लग्नात मांडून ठेवतात आणि नवऱ्याकडची माणसं त्या बघून "छान आहे" म्हणतात, मग घरी जाऊन खरं बोलतात. मावशीनं सुपारीचे बाहुले, लोकरीचं तोरण, साबणाची बदकं असं सगळं ताईच्या नावावर करून ठेवलं होतं. ताईनं खरंच स्वतः केलेली एकच वस्तू म्हणजे हा बंगला. त्याच्या दारात एक टीचभर नवरी उभी होती. बेल दाबली, की नवरी उखाणा घेणार. आवाज ताईचा. आत एक बोर्ड होतं, त्याच्या बाजूला नखाएवढं मेमरी कार्ड, आणि कार्डात तो उखाणा. भानगड एवढीच होती, की कार्ड तीन पॉइंट तीन व्होल्टचं, म्हणजे ताईच्या भाषेत सव्वातीनचं, आणि बोर्ड पाचचं. कार्डाला ती 'ती' म्हणायची आणि बोर्डाला 'तो'.

"तयार मिळतं की सगळं जोडलेलं," मी म्हणालो होतो.

"रुखवत हातचं पाहिजे," ताई म्हणाली होती. साबणाची बदकं ऐकत होती.

मावशी परत आली तेव्हा तिच्याबरोबर आई होती, आईबरोबर बाबा होते आणि बाबांच्या हातात पत्रिका होती. लग्नाची नव्हे, जन्माची.

"छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळलेत," बाबा मला उद्देशून म्हणाले, जणू मीच हरकत घेतली होती. "हे सव्वातीन कुठून आलं?"

"तीन पॉइंट तीन, बाबा."

"घरातल्या पॉइंटचा इथं काय संबंध?"

"पोरगी स्वतःच्या तोंडानं म्हणाली," मावशी आईला सांगत होती. "मी सव्वातीनची, तो पाचचा, मी जळणार. रोज थोडी थोडी."

"राजू," आईनं पदर तोंडाला लावला. "काय गं हे? आता? मंडप भरलाय."

ताईनं वर धरलेल्या हातांनीच कपाळाला हात लावायचा प्रयत्न केला आणि मेंदी आठवून थांबली. मग तिनं सगळ्यांना खाली बसवलं आणि समजावलं. "कार्ड सव्वातीनचं आहे. बोर्ड पाचचं. कार्डाच्या जेवणाची सोय वेगळी केलीय, सव्वातीनचीच. जेवणाचा प्रश्न नाही. प्रश्न बोलण्याचा आहे. कार्ड जे बोलतं ते बोर्डाला नीट कळतं. पण बोर्ड बोलतं ते पाच व्होल्टमध्ये, आणि ते कार्डाला झेपत नाही. म्हणून बोर्डाकडून कार्डाकडे जाणाऱ्या तारांवर मध्ये दोन-दोन रेझिस्टर घालायचे. संपलं."

आईनं तोंडावरचा पदर काढला. मग मावशी सावकाश म्हणाली, "आमच्या मध्ये तर कुणीच नव्हतं गं. तुझ्या काकांचं सगळं सरळ अंगावर आलं."

"मावशी, मी मेमरी कार्डाबद्दल बोलतेय."

"मी पण," मावशी म्हणाली. "रेझिस्टर म्हणजे काय असतं ते?"

"मध्ये उभा राहतो. समोरचं सगळं आपल्या अंगावर घेतो, स्वतः जरा गरम होतो आणि पुढच्याला झेपेल एवढंच पोचू देतो."

"मग नवराच म्हण की," मावशी म्हणाली.

बाबांनी पत्रिकेची घडी घातली. "मग ते गुणांचं तेवढंच आहे ना? अठ्ठावीस?"

"अठ्ठावीसच, बाबा."

"मग एवढे लाडू खाली का?"

ते गेल्यावर ताई त्या बंगल्याकडे बघत बसली. तिला कशाची काळजी होती ते मला माहीत होतं, आणि ती मेमरी कार्डाची नव्हती.

ताईला बघायला तासगावकडची पाहुणे मंडळी आली, तेव्हा चार माणसं होती. नवरामुलगा संग्राम, जो अख्ख्या कार्यक्रमात बशीतले पोहे मोजल्यासारखा खाली बघत होता. त्याचे वडील तात्या, गावच्या दूध डेअरीचे चेअरमन, ज्यांनी आल्या आल्या चहातलं दूध कुणाचं ते विचारलं. त्याची आई, जी हसली आणि गप्प बसली. आणि तात्यांची थोरली बहीण, इंदुआत्या. बोलायचं काम आत्यांकडे होतं.

"जरा हस बघू," आत्या ताईला म्हणाल्या. ताई हसली. आत्यांनी दात बघितले.

"जरा तो पडदा ओढ बघू." ताई उठून खिडकीपर्यंत गेली. पडदा आधीच ओढलेला होता. आत्यांनी चाल बघितली.

मग आईनं धीर करून विचारलं, "ती नोकरी करते, सांगलीला. लग्नानंतर करू दिली तर..."

"नोकरीचं बघू की," आत्या म्हणाल्या.

आई खूश झाली. "बघू म्हणाल्या!" ती रात्री बाबांना सांगत होती. "सरळ नाही म्हणाल्या नाहीत."

पण ताई आणि मी आमच्याच घरात वाढलो होतो. मी नववीत असताना बाबांकडे मोटरसायकल मागितली होती, बाबा "बघू" म्हणाले होते, आणि बाबा अजून बघत होते. कुत्रं पाळायचं? बघू. महाबळेश्वरला जायचं? बघू. आमच्याकडे माणसं 'नाही' शब्द पाहुण्यांच्या ताटलीसारखा जपून ठेवतात आणि रोजच्या वापराला 'बघू' काढतात. ताईच्या साहेबांनी तर निक्षून सांगितलं होतं, की लग्नानंतरच्या सोमवारी आलीस तर ये, नाहीतर त्या जागी दुसरा माणूस येईल. त्या जागेसाठी ताईनं जीव काढून काम केलं होतं. तिनं केलेलं यंत्र आता गावोगावच्या डेअऱ्यांत दूध मोजत होतं.

"तू संग्रामला सरळ विचार की," मी म्हटलं होतं.

"विचारलं. तो म्हणाला, माझं काही नाही, आत्याचं बघू."

तर त्या दुपारी मी सोल्डरिंग केलं. ताई हात वर धरून सांगत होती, मी करत होतो. "ती नाही, तिच्या शेजारची. पृथ्या, ती तार नाही, ते तुझं बोट आहे." मला बोटामुळेच कळलं होतं. दोन-दोन रेझिस्टर बसले. कार्ड खोबणीत सरकवलं. मी बेल दाबली.

नवरी गप्प.

परत दाबली. गप्प. ताई खाली वाकून बंगल्याच्या खिडकीतून आत बघत राहिली. वाकल्यावर तिच्या वर धरलेल्या हातांमुळे ती बंगल्याला नमस्कार करतेय असं वाटत होतं.

"जाळलंस," ती म्हणाली.

"धूर कुठं आहे?"

"कार्ड मरताना धूर करत नाही."

"मग मेलं कशावरून?"

"गप्प आहे म्हणून."

मला राग आला होता. बोट भाजलं होतं. मी म्हटलं, "गप्प तर तू पण होतीस, आत्यांसमोर. तू मेली होतीस काय?"

ताई सरळ झाली. माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता मेंदीसकट एक कानाखाली बसणार. मी गाल तयार ठेवला. पण ती फक्त म्हणाली, "बाजीमामा आलाय ना?"

"सकाळीच आलाय. का?"

"त्याच्या फोनमधलं कार्ड आण. मी उखाणा परत रेकॉर्ड करते."

"उखाणा तुझ्या लॅपटॉपवर असेल की."

"पुसला," ताई म्हणाली. "तू जा."

बाजीमामा मंडपात खुर्चीवर बसून एका आचाऱ्याला म्हशीची जात ओळखायला शिकवत होता. मामाला म्हैस घ्यायची होती. तो बरेच महिने म्हैस घेत होता, पण घेतली नव्हती, कारण त्याचा व्यापाऱ्यांवर विश्वास नव्हता. आदल्या वेळी एका व्यापाऱ्यानं शब्द फिरवला होता, त्यामुळे आता मामा बाजारात जाताना फोनचं रेकॉर्डिंग चालू करून शर्टाच्या खिशात ठेवायचा. म्हशीच्या बाजारात असा सावध माणूस पहिलाच.

"कार्ड देतो," मामा म्हणाला, "पण त्यातलं काय पुसायचं न्हाई. कालच्या बाजाराचा सगळा सौदा त्यात हाय. म्हशीचं पाक पहिल्यापासनं शेवटपर्यंत. त्यो व्यापारी उद्या फिरला की कानाला लावतो त्याच्या."

"पुसणार नाही."

"आणि पृथ्या, तू हात लावू नगंस. तू एक जाळलंस म्हणं."

बातमी माझ्याआधी मंडपात पोचली होती.

मी कार्ड नेऊन दिलं. तोवर ताईची मेंदी वाळली होती आणि ती लॅपटॉप उघडून बसली होती. मला म्हणाली, "जा, हळदीचे पाट मांड." पाट मांडून आलो तर म्हणाली, "मावशीचे लाडू गोळा कर." लाडू गोळा करून आलो, म्हणजे सापडले तेवढे, तर बंगल्याचं छप्पर बंद झालं होतं आणि ताई नवरीच्या बोटभर साडीची निरी नीट करत होती.

"तपासलं?"

"तपासलं. एकदम नीट बोलतेय."

"ऐकव की."

"उद्या ऐक," ताई म्हणाली. "सगळ्यांबरोबर."

दुसऱ्या दिवशी कार्यालयात रुखवताच्या टेबलाभोवती नवऱ्याकडची मंडळी जमली. सगळ्यात पुढे इंदुआत्या, जरीच्या साडीत. मागे तात्या, फेटा बांधलेले. संग्राम मुंडावळ्या लावून जरा लांब, त्या मुंडावळ्यांमुळे त्याला आजूबाजूचं दिसायची सोय नव्हती आणि तो त्यात सुखी होता. आमच्याकडून आई, मावशी, बाबा आणि ताई, खाली बघत, गौरीहराला बसवायच्या आधी पाच मिनिटं काढून.

आत्यांनी बदकं बघितली. "छान आहे." तोरण बघितलं. "छान आहे." मग बंगल्यापाशी थांबल्या.

"हे काय?"

"तिनं स्वतः केलंय," मावशी पुढे सरसावली. "बेल दाबा. उखाणा घेते नवरी. मी रचलाय. आवाज आमच्या राजूचा."

आत्यांनी ऐटीत बेल दाबली.

बंगल्यातून खरखर आली, आणि त्या टीचभर नवरीनं बाजीमामाच्या घोगऱ्या आवाजात विचारलं, "वय काय हिचं?"

मावशीच्या तोंडातला लाडू तोंडातच राहिला.

"पोरवय हाय, मालक," दुसरा एक आवाज म्हणाला.

"समदे असंच म्हणत्यात. दात बघू."

आत्यांचं बोट बेलवर तसंच होतं.

"हां. चालवून दाखवा बघू जरा."

"चाल एक नंबर हाय. बघा, बघा. अंगानं भरल्याली. वळण चांगलं."

"रंग काळाच की."

"आता काळाच असतोय मालक. गोरी कुठं मिळती?"

माझ्या शेजारी बाबा होते. ते हळूच म्हणाले, "पत्रिका आणू का?" त्यांना दुसरं काही सुचलं नसावं.

"खायला लई लागतं का?" मामाच्या आवाजातल्या नवरीनं विचारलं.

"जेवढं द्याल तेवढं. कुरकुर न्हाई."

"लाथ मारती?"

"नवीन घर आसलं की दोन दिस जरा बिचकती. मग माणसं बघून ऱ्हाती."

मी ताईकडे बघितलं. ताई खालीच बघत होती, अगदी नव्या नवरीसारखी. मला ते फार चांगलं वाटलं, की एवढ्या बेअब्रूतही तिनं रीत सोडली नाही.

"बंद करा की गं कुणीतरी!" आई कुजबुजली. मी बटणाकडे हात नेला. "ए, तू हात लावू नगंस!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. मी हात मागे घेतला.

"घरातच बांधून ठेवली तर चालंल न्हवं?" मामा विचारत होता.

आता तो दुसरा आवाज एकदम गंभीर झाला. "मालक, एवढं तरी ऐका माझं. हिला भाइर जायची सवय हाय. सकाळच्याला सोडायची. सांजच्याला आपल्या पायानं घरी येती, बोलवायला लागत न्हाई. बांधून ठेवली तर आटंल. मग म्हणू नगा फसवलं."

"बघू," मामा म्हणाला.

"बघू न्हाई, मालक. बघू म्हंजी न्हाई. हो म्हणायचं तर हो म्हणा, हिला काय दुसरं घर न्हाई व्हय?"

आणि एवढं बोलून झाल्यावर त्या बंगल्यातून, त्या इवल्याशा नवरीच्या तोंडून, लांबलचक, भरदार, खालून वर जाणारा एक हंबरडा आला.

कार्यालयाच्या सनईवाल्यानं सनई तोंडापासून काढली.

तात्या पुढे झाले. फेटा कलला होता. त्यांनी बंगल्याच्या दाराला कान लावला, परत बेल दाबली, सगळं पहिल्यापासून ऐकलं, हंबरड्यापर्यंत, आणि मान हलवली. "जाफराबादी आहे. मुऱ्हा असा आवाज काढत नाही. कुणाची?"

"माझी!" मागून बाजीमामा आला. "म्हंजी अजून न्हाई, पण सौदा चाललाय. ह्ये रेकॉर्डिंग माझं हाय, परवानगीशिवाय वाजवायचं न्हाई!"

"जाफराबादीच ना?"

मामाचा राग उतरला. "बरुबर वळखलंत."

"घेऊन टाका. व्यापारी खरं बोलतोय." तात्या सगळ्यांकडे वळून डेअरीच्या सभेत बोलावं तसे बोलू लागले. "चरायला जाणारं जनावर बांधून घातलं की आटतं. मी उभ्या जन्मात बघितलंय. खुराक वाढवा, पंखा लावा, गाणी लावा, काही करा. आटतं म्हणजे आटतं."

"तात्या," आत्या दातओठ खात म्हणाल्या, "म्हशीचं राहू दे. हे मुद्दाम लावलंय. पडदा ओढायला सांगितला, त्याचं हे."

"पडदा कुठाय यात?" तात्यांनी बंगल्याच्या खिडक्या तपासल्या.

आता सगळे ताईकडे बघत होते. आई रडायच्या बेतात होती. ताईनं मान वर केली नाही. फक्त म्हणाली, "माझं कार्ड जळालं, आत्या. पृथ्यानं जाळलं. मामांचं घातलं, त्यात दुसरंच निघालं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बोट दाखवलं. भाजलेलं होतं, तो पुरावा.

आणि तेव्हा संग्राम पुढे आला. मुंडावळ्यांमुळे त्याला टेबलाचा कोपरा दिसला नाही, साबणाची दोन बदकं खाली पडली, तरी तो आला, आणि ताई आणि आत्यांच्या बरोबर मध्ये उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. मान लाल झाली होती. ठार गप्प बसणारा माणूस गरम होताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"आत्या," तो म्हणाला, "ती सोमवारी कामावर जाणार आहे."

"मी कुठं नाही म्हणाले?" आत्या म्हणाल्या. "मी बघू म्हणाले."

"तेच तर तो व्यापारी सांगतोय," तात्या म्हणाले.

कुणीतरी हसलं. बहुतेक संग्रामची आई. मग एकदम सगळेच हसले, आचारीसुद्धा, ज्याला म्हशीच्या जाती नुकत्याच कळल्या होत्या.

आत्या हसल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला, खाली पडलेलं एक बदक उचलून टेबलावर ठेवलं आणि परत बेल दाबली. दात बघू, चालवून दाखवा बघू, इथपर्यंत ऐकलं. "मला तर अंगणात दोनदा चालवलं होतं," त्या म्हणाल्या, कुणालाच नाही. "दुसऱ्यांदा डोक्यावर घागर देऊन." मग ताईला म्हणाल्या, "सांगलीची बस सकाळी आमच्या वेशीत थांबते. पण हात करावा लागतो. नुसतं बघत राहिलं तर पुढं जाते."

ताईचं लग्न लागलं. सोमवारी तिनं बसला हात केला. मामाची म्हैस तात्यांनी स्वतः बाजारात जाऊन पक्की केली, आणि मामाचा तात्यांवरही विश्वास नसल्यामुळे त्यानं तेही रेकॉर्ड केलं.

मी मात्र कार्ड जाळणारा म्हणून प्रसिद्ध झालो. आमच्या नात्यात आजही कुणी मला मिक्सरचं बटण दाबू देत नाही. दिवाळीत लाइटच्या माळा काढल्या, की मला रांगोळीला बसवतात. मावशी तर मला फोन चार्जिंगला लावताना बघितलं की डोळे मिटून घेते. राज्यशास्त्रात नोकरी मिळाली नाही, ती मी शोधलीही नाही. आता मी लग्नांचे व्हिडिओ जोडतो. भटजी शिंकले की तेवढं कापतो, नवरीचा मामा रडायला उशीर करतो तेव्हा आधीचं रडणं आणून लावतो.

गेल्या उन्हाळ्यात ताईकडे गेलो होतो. भाचीनं माळ्यावरचा बंगला खेळायला काढला होता. छप्पर निघालं होतं. आतलं माझं सोल्डरिंग मला जवळजवळ आठ वर्षांनी दिसलं. ओबडधोबड होतं, पण कार्डाकडे जाणाऱ्या प्रत्येक तारेवर दोन-दोन रेझिस्टर जिथल्या तिथे, आता ताईनंच शिकवलेलं आठवून बघितलं तरी एकही चूक नाही. आणि दारातल्या नवरीच्या साडीच्या आत, चिकटपट्टीनं पाठीला चिकटवलेलं, नखाएवढं एक कार्ड.

मी ते माझ्या लॅपटॉपला लावलं. बिनतक्रार उघडलं. म्हणजे त्या दुपारी ते खोबणीत नीट बसलं नसावं, एवढंच. ताईचा आवाज आला, आठ वर्षं लहान:

"सांगलीची हळद, तासगावचा मनुका,
संग्रामरावांचं नाव घेते, सगळेजण ऐका."

मी ते परत एकदा लावलं. मग धंद्याच्या सवयीनं मला एक-एक गोष्ट दिसायला लागली. फोनमधलं रेकॉर्डिंग त्या यंत्राला तसंच्या तसं चालत नाही; ते आधी लॅपटॉपवर बदलून घ्यावं लागतं. ते आपोआप कार्डात "निघत" नाही. शिवाय मामानं लग्नानंतर मला तो अख्खा सौदा ऐकवला होता. जेवणं उरकतील एवढा लांब, मध्ये दोनदा चहा, आणि मामाच्या प्रत्येक वाक्यात म्हैस. "म्हशीचं वय काय?" "म्हशीचे दात बघू." बंगल्यातल्या रेकॉर्डिंगमध्ये तो शब्द एकदाही नव्हता. फक्त शेवटी तिचा स्वतःचा आवाज होता, आणि तो नेमका कुठे ठेवायचा हे कळायला माझ्या धंद्यात माणसाला काही वर्षं लागतात.

ताई कामावर निघाली होती. पायात चपला घालत होती, खांद्याला पर्स.

"ताई," मी म्हणालो, "ते कार्ड जळालंच नव्हतं."

"कुठलं?"

"हे. उखाण्याचं. चालू आहे. मी आत्ता ऐकलं."

"असं?" ताई म्हणाली. हात पुढे केला. "बघू."

मी तिच्या हातावर कार्ड ठेवलं. तिनं ते पर्समध्ये टाकलं, चेन ओढली, रस्त्यावर जाऊन बसला हात केला आणि गेली.